रंगखान्याच्या छपराचं पाणी

"तुळसाक्का, तुमची घागर राहिली की!"

चंपा हंचाटे दारातून ओरडली. तिच्या कडेवर भरलेली घागर, मागं गल्लीतल्या आणखी बायका, सगळ्यांच्या कडेवर पाणी हिंदकळत होतं.

"सगळ्या घरांचं पोचलं. पिंड अजून बुडंना."

"आमच्याकडं नळ आला नाही आज," मी म्हटलं.

"गल्लीला पाइप एकच हाय अक्का. आम्हाला आला अन् तुम्हाला नाही?"

"मग तुमच्यावर देव प्रसन्नच हाय. प्रसन्न झालेल्याला बुडवायलीस कशाला?"

मागच्या बायका पदराआड हसल्या. चंपानं मान उडवली. "ह्यांना पाऊस नको असंल," असं मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली आणि सगळा ताफा देवळाकडं गेला.

बरोबर बोलली होती.

पाऊस लांबला की आमच्या रंगारगल्लीत महादेवाचा गाभारा पाण्यानं भरतात. देवाचा जीव गुदमरला की तो आभाळाला हाक मारतो म्हणे. घरटी एक घागर, आणि पहिली घागर पुकाळ्यांची, म्हणजे आमची, कारण सूत रंगवायचा गल्लीतला सगळ्यात मोठा रंगखाना आमचा. भट्ट्या विझल्या, मालक गेले, तरी तो मान कुणी काढून घेतला नव्हता. मी घेऊ दिला नसता. पण त्या वर्षी मी दाराच्या चौकटीला पाठ लावून बसून राहिले आणि पहिली घागर चंपाची पडली.

आत माझी अंबू झोपली होती. आणि पाऊस पडला की ती जाणार होती.

अंबुजा माझं शेंडेफळ. थोरला नरेंद्र आणि त्याची बायको लतिका माझ्याजवळच असतात. अंबू इंजिनियर झाली, मग पुण्याला गेली, मग तिकडून डेन्मार्कात. कसलं शिक्षण विचारलं तर म्हणायची, पावसाचं पाणी. चंपानं तेव्हाच गल्लीभर केलं होतं, "पाणी मोजायला विमानानं जावं लागतंय होय? आमची सून नळावर रोज मोजती." मी तिला चौकात गाठून म्हटलं, "तुझी सून घागरी मोजती. माझी लेक आभाळ मोजती." बोलून आले खरं, पण मलाही काही उमजलेलं नव्हतं. माझी शाळा चौथीपर्यंत. त्यातही अर्धा वेळ मी सूत वाळत घालायला असायची.

आधी एकदा सुट्टीत येऊन तिनं आमच्या गच्चीवर एक पत्र्याचं नळकांडं बसवलं होतं, पाऊस मोजायचं. गल्लीच्या खालच्या टोकाला, जिथं आमचं गटार मोठ्या नाल्याला मिळतं, तिथं दुसरं यंत्र लावलं होतं. पाऊस पडला की दोन्ही यंत्रं आपोआप तिला तिकडं कळवायची. मीही कळवायची, फोन करून. "अंबे, पडायलाय बघ." ती म्हणायची, "माहीत आहे आई, इथं दिसतंय." मला यंत्राचा राग यायचा.

तर त्या वर्षी गणपती उठल्यावर ती अचानक आली. म्हणाली, "हिशोब जुळत नाही. एक चांगला पाऊस मला स्वतः उभं राहून बघायचाय. तो झाला की जाते."

आणि पाऊस गायब झाला.

सबंध शहर आभाळाकडं बघत होतं. बाजारात दोन माणसं भेटली की तीच गोष्ट. मी मान हलवायची, "होय बाई, कठीण झालंय." आणि घरी येऊन तव्यावर तिची भाकरी टाकायची. कित्येक वर्षांत ती माझ्या ताटाशेजारी इतके दिवस जेवली नव्हती. रोज सकाळी उठून ती आधी आभाळ बघायची आणि मी तिचं तोंड. निळंभोर दिसलं की तिचं तोंड उतरायचं आणि माझा चहा गोड लागायचा.

तिचे केस तिकडं तिनं मानेवर कापून घेतले होते. मी तेलाची वाटी घेऊन बसले की म्हणायची, "आई, तेल लावायला आहे काय त्यात?"

"जेवढं आहे तेवढं तरी लावू दे. तुझ्या डेन्मार्काला चोपडून पाठवत नाही."

डोकं माझ्या गुडघ्याला टेकून ती बसायची. तेल जिरलं तरी मी हात काढायची नाही.

एका दुपारी मी आणि लतिका स्वयंपाकघरात ज्वारी निवडत होतो. अंबू आली आणि मांडणीवरची ताटं काढायला लागली.

"आता कुणाला जेवायला बोलावलंस?" मी विचारलं.

"कुणाला नाही. वैनी विचारत होत्या ना, मी करते काय. दाखवते."

तिनं फरशीवर ताटं मांडली, प्रत्येकाखाली एका बाजूला लाकडाची चिपाटी घालून तिरकी केली. सगळ्यांची उतरती कड मोरीकडं.

"ही छपरं. हे आपलं घर. हे हंचाट्यांचं, हे देऊळ, ही शाळा. आणि ही," तिनं भाकरीची मोठी परात ओढली, "ही आपला रंगखाना."

लतिका हसली. "रंगखाना परातीएवढा?"

"गल्लीतलं सगळ्यात मोठं छप्पर तेच आहे वैनी. वरून काढलेल्या फोटोत पहिल्यांदा तेच दिसतं."

मग तिनं तांब्या उचलला आणि वरून, चाळणीतून, पाणी सोडलं. ताटांवरून घरंगळत ते फरशीवर आलं, फरशीच्या उतारानं मोरीकडं धावलं. आधी जवळच्या ताटांचं पोचलं, मग लांबच्यांचं, मग सगळं एकदम.

"बघा. नद्यांचं पाणी कसं येतं याची मोठमोठी पुस्तकं आहेत. पण एवढीशी गल्ली, सगळं सिमेंट आणि पत्रे, ढग फुटला की घटकेत पाणी खाली, याचं कुणी धड बघितलेलं नाही. नदीचा नियम गल्लीला लावतात. म्हणून गटार बांधताना अंदाज चुकतो आणि खालच्या पत्राचाळीत दरवर्षी लोकांच्या चुली विझतात. मी काय करते, तर प्रत्येक छपराचं पाणी कुठून, कुठं, किती वेळानं जातं ते कॉम्प्युटरमध्ये मांडते. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये आपली गल्ली बांधते म्हणा ना. तिच्यावर खोटा पाऊस पाडायचा आणि बघायचं, मोरीत किती आलं. खऱ्या गल्लीत जेवढं येतं तेवढंच खोट्या गल्लीत आलं, तर मग कुठलीही गल्ली द्या, मी सांगेन, गटार केवढं बांधा."

"मग आलं का तेवढं?" लतिकानं विचारलं.

अंबूनं तांब्या खाली ठेवला. "तेच येत नाही. पाणी हरवतं. तेसुद्धा दरवेळी नाही. एखाद्या पावसात चोख जुळतं. दुसऱ्यात सुरुवातीचं पाणी येतच नाही. दरवेळी हरवलं असतं तर मी समजले असते, चला, कुठंतरी जमीन पिते. पण कधी पिते, कधी नाही? सिमेंट काय उपास करतं? आई, मी दोन वर्षं यातच अडकलेय. जातं कुठं हे पाणी?"

शेवटचं वाक्य तिनं माझ्याकडं बघून म्हटलं नव्हतं. परातीकडं बघून म्हटलं होतं.

मीही परातीकडं बघत होते. परातीची उतरती कड मोरीकडं होती. आणि रंगखान्याची पन्हळ कित्येक वर्षांपूर्वी मी पत्र्याच्या कारागिराला बोलावून वळवून घेतली होती. गटाराकडून काढून भिंतीतून आत, हौदात. वरून काढलेल्या फोटोत छप्पर दिसतं. छपराखाली काय आहे ते दिसत नाही.

उघडीप पडून हौद झिरपत मोकळा झाला की छपराचं सगळं पाणी आत. भरला की वरचं पाणी सांडून गटारात. कधी पितं, कधी नाही.

चौथी शिकलेलीला एवढं कळायला वेळ लागत नाही. जिभेवर आलंच होतं. मग नजर तिच्या मानेवर गेली, तेलानं चिकटलेल्या बारक्या केसांवर.

"फरशी पुसून घे," मी म्हटलं. "आणि परात घासून ठेव, संध्याकाळी पीठ मळायचंय."

कुणी मला आज विचारलं तरी मी म्हणेन, मी खोटं बोलले नाही. तिनं परातीला विचारलं होतं, परातीनं उत्तर द्यायचं.

ती स्वतः रंगखान्यात गेली असती तर काम एका मिनिटात झालं असतं. पण ती जात नव्हती. तिचे वडील तिथंच गेले, भट्टीपुढं, हातात सूत ढवळायचं लाकूड होतं, गुलाबी रंगात भिजलेलं. तेव्हापासून त्या दारावरून जाताना ती पलीकडच्या बाजूनं जायची. किल्ली माझ्या कमरेला. मीही तिला कधी "चल" म्हटलं नाही.

लतिका मात्र माझ्याच हाताखाली तयार झालेली. रात्रीची भांडी आवरताना हळूच म्हणाली, "अत्या, आपण घागर नाही घातली म्हणून देव पाऊस पाडायचा राहणार होय?"

"तू पातेलं घास."

"घासतेच आहे. म्हटलं, ताईंचं तिकडं काम खोळंबलंय म्हणत होत्या. त्यांच्या सरांनी सांगितलंय, हा पाऊस शेवटचा. जुळलं तर जुळलं, नाहीतर ही गल्ली सोड आणि दुसरं काहीतरी कर. एवढ्या वर्षांचं पाण्यात."

"पाण्यात काही जात नाही. तुला कुणी सांगितलं?"

"ताईंनीच. रडत होत्या."

माझ्यापुढं रडली नव्हती.

घट बसले आणि तिसऱ्या माळेला, दुपारी, आभाळ दक्षिणेकडून काळं झालं. परतीचा पाऊस असाच येतो, कर्जवसुलीला आल्यासारखा. देवळातल्या बायकांनी एकच गिल्ला केला. अंबूनं जेवणाचं ताट तसंच सरकवलं, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि धावली.

"छत्री तरी ने गं!"

"छत्रीनं काय होणार आई!" ती गल्लीच्या टोकाला पोचलीसुद्धा.

मी खिडकीत उभी राहिले. असा पाऊस दोन-तीन वर्षांत झाला नव्हता. हंचाट्यांच्या पत्र्यावरून पाण्याची सोट धार, शाळेच्या पागोळ्या, देवळाच्या कळसावरून ओघळ, सगळं गल्लीत उतरून खाली चाललं होतं. लोक दारात येऊन हसत होते. चंपा हात जोडून देवळाच्या पायरीवर उभी, जणू तिनंच पाडला. फक्त रंगखान्याच्या कोपऱ्यातून थेंब पडत नव्हता. भिंतीपलीकडं, आत, हौदात पाणी कोसळत होतं. त्याचा आवाज गल्लीच्या गोंगाटात कुणाला ऐकू येणार? मला येत होता. यंदा पावसाअभावी हौद तळाला गेला होता, त्यामुळं आवाज खोल येत होता, घशातून आल्यासारखा.

खाली अंबू नाल्याच्या कठड्यावर वाकली होती. कधी यंत्राकडं बघायची, कधी मान वळवून गल्लीकडं. हात हलवून काहीतरी बोलत होती, एकटीच. मला वाटलं, पाण्याला बोलावतेय.

पाऊस तासाभरात सरला. ती आली ती चिंब, पायाला चिखल, आणि केस न पुसताच कॉम्प्युटरपुढं बसली. मी टॉवेल घेऊन मागं उभी. पडद्यावर दोन रेघा होत्या. एक चढत जाऊन उतरणारी, दुसरी तिच्यापेक्षा उशिरा उठणारी आणि बुटकी. मला वाचता आलं नसतं तरी कळलं असतं, ह्या दोघी बहिणी नव्हेत.

"नाही ना?" मी विचारलं.

तिनं कॉम्प्युटरचं झाकण मिटलं. ओल्या कपड्यांनीच जमिनीवर बसली, भिंतीला डोकं टेकून.

"यापेक्षा वाईट कधीच आलं नव्हतं," ती म्हणाली. "मी प्रत्येक छप्पर मोजलंय आई. प्रत्येक. माझ्या स्वतःच्या गल्लीचं मला कळत नसेल तर मला काय येतं?"

"कपडे बदल आधी."

"जाऊ दे. मी सरांना कळवते. आता नाही जात तिकडं." तिनं डोळे मिटले. "इथंच राहते. एखाद्या कॉलेजात शिकवीन. तुझ्याजवळ राहीन. तुला बरं वाटेल ना?"

मी म्हटलं, "चहा टाकते."

आत गेले. पातेलं ठेवलं, पाणी घातलं, साखर घातली, पत्ती घालायला विसरले. इथंच राहते. किती वर्षं हे वाक्य मी तिच्या तोंडी घालून बघितलं होतं, चुलीपुढं, न्हाणीघरात, देवापुढं. दर फोनला वाटायचं, आज म्हणेल. आणि आता म्हणाली होती, माझ्याच घरात बसून, आणि मला फक्त गप्प राहायचं होतं. गप्प तर मी आधीपासूनच होते. रोज तेल लावीन. रोज भाकरी करीन. संध्याकाळी कॉलेजातून येईल, चप्पल काढेल, "आई" म्हणेल. तेवढ्या वेळात मी सगळं घर तिच्या पावलांनी भरून घेतलं.

मग बाहेरून तिचा आवाज आला. लतिकाशी बोलत होती. "काही नाही वैनी. जमलं नाही, एवढंच. सगळ्यांना थोडंच जमतं?"

तो आवाज माझ्या लेकीचा नव्हता. गल्लीतल्या किती बायका मी या आवाजात बोलताना ऐकल्यात. घातलं पाणी पितात आणि दिलं काम करतात. माझी अंबू चौथीत असताना मास्तराशी भांडून आली होती, गणित त्याचं चुकलंय म्हणून. आणि चुकलेलं त्याचंच होतं.

चहा उतू गेला. शेगडीवर साखरेचा वास सुटला.

मी बाहेर आले, कमरेची किल्ली काढली. "ऊठ."

"आई, नको आता..."

"ऊठ म्हणते ना. हरून बसलेली पोर माझ्या घरात नको. चल."

दंडाला धरून उठवली. गल्लीतून नेली, लोक बघत होते. रंगखान्याच्या दाराशी आल्यावर तिनं पाय रोवले. "इथं नको."

"तुझे बाबा तुला खाणार नाहीत."

कुलूप गंजलं होतं. दार उघडलं, आत अंधार आणि ओला गारवा. मी हात लांब करून दिवा लावला. कोपऱ्यात पन्हळीच्या तोंडातून अजून थेंब टपकत होते, आणि खाली हौद, चुन्याचा, माझ्या सासऱ्यांनी बांधलेला, माणूस गळ्यापर्यंत बुडेल एवढा खोल. सकाळी मी पाहिला होता तेव्हा तळ दिसत होता. आता काठाला चार बोटं कमी.

अंबू बघत राहिली. मग वर छपराकडं बघितलं, पन्हळीकडं, भिंतीतल्या भोकाकडं, परत पाण्याकडं.

"हे आपल्या छपराचं?"

"मग काय माझ्या डोळ्यांतलं?"

"सगळं? इथंच येतं?"

"भरेपर्यंत. भरला की त्या मोरीतून गटाराला."

तिनं तोंडावर हात घेतला आणि हसायला लागली. इतकी हसली की काठावर बसावं लागलं. "आई! अगं आई! दोन वर्षं! तिथं पाच-सहा माणसं टेबलाभोवती बसून डोकं फोडायलेत, आणि तू..." मग कपड्यांसकट ती हौदात उतरली. पाणी गळ्याशी. वीत लावून भिंत मोजली, लांबी मोजली, रुंदी मोजली, मला ओरडून सांगत होती, "हे लक्षात ठेव! आई, लक्षात ठेव!" आणि मी लक्षात ठेवत होते. अशी ती किती वर्षांनी दिसत होती. मला आनंद झाला का विचाराल तर झाला. पण आता हिला एकही दिवस थांबायचं कारण उरलं नव्हतं.

काठावर हात टेकून ती वर आली. केसांतून पाणी गळत होतं.

"आई, पण हा भरतेस कशाला?"

"चुन्याचा हौद कोरडा पडला की तडकतो. रंगाऱ्याच्या घरात जन्मलीस, माहीत नाही?"

"माहीत आहे. पण तडकला तर तडकला. आता इथं कोण रंगवणार..."

आणि ती थांबली.

तिचे वडील गेल्याच्या पुढच्या वर्षी ती पुण्याला निघाली तेव्हा रंगखाना विकत घ्यायला माणसं आली होती. मोटर विकून झाली होती, कढया निघाल्या होत्या. ही याच दाराबाहेर उभी राहून त्यांच्याशी भांडली. ते गेल्यावर रडत मला म्हणाली होती, आई, हे विकू नको. हौद कोरडा पडू देऊ नको. मी शिकून येते, मग आपण भट्टी पुन्हा पेटवू. मी त्याच पावसाळ्यात पन्हळ वळवून घेतली.

तिच्या तोंडावर ते सगळं येताना मला दिसलं. उतरतानाही दिसलं.

"मी म्हणाले होते," ती हळूच बोलली.

"विशीतल्या पोरी काय काय म्हणतात."

"तू मला एकदा तरी आठवण करून द्यायचीस."

"का म्हणून? मी काय सावकार आहे?" मी पदरानं तिचं डोकं पुसायला लागले, जरा जोरातच. "कोरडी हो आधी. सर्दी झाली तर ते विमानवाले घेणार नाहीत."

तिनं माझं मनगट धरलं. पुसू दिलं नाही, सोडलंही नाही. आम्ही तशाच बसलो, पन्हळीचा थेंब पडत होता.

दोन दिवसांत तिनं कॉम्प्युटरमधल्या गल्लीत आमचा हौद बांधला. रेघा पुन्हा काढल्या. मला बोलावून दाखवल्या. आता एकीवर एक अशा बसल्या होत्या की दोन आहेत हे सांगावं लागलं. तिकडच्या सरांनाही दाखवलं. पांढऱ्या दाढीचा माणूस पडद्यावरून मला हात जोडत होता. मीही जोडले. काय बोलणार, माझी लेक घेऊन चालला होता.

निघायच्या दिवशी रिक्षा गल्लीत उभी. चंपा आली होती, हातात शेंगाचटणीची पिशवी. "तिकडं असलं मिळत नसंल," म्हणाली, आणि मी त्या दिवशी तिला काही बोलले नाही. लतिकानं ओटी भरली. अंबू पाया पडली, रिक्षात बसली, मग परत उतरली.

"आई, एक विचारायचं राहिलं."

"विचार."

"तो हौद." ती माझ्याकडं न बघता बोलत होती, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत. "मी हिशोबात धरलाय तो. आता तुझ्यानं होत नसेल, पन्हळ साफ करायला, वर चढायला, तर तसं सांग. मी काढून टाकते. काही अडत नाही, एक आकडा बदलायचा. नाहीतर तिथं प्रत्येक पावसात तो तसाच राहणार. तू भरत असशील असंच मी धरून चालणार."

रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला.

तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं. येईन असं ती म्हणाली नाही. तिनं पुन्हा तसं म्हणू नये असंच मला वाटत होतं.

"धर," मी म्हटलं. "भरलेलाच धर."